टेकाडावरून उतरलेला

रविवार. चिमणबाग. सकाळचे साडेसात.
चुन्याची पिशवी वाटेतच फाटली, म्हणून
तिसऱ्या बेसकडची रेघ
अर्धी पांढरी, अर्धी बुटाने ओढलेली.
मी छत्रीखाली. मांडीवर स्कोअरबुक,
दोन पेन्सिली, खोडरबर,
डब्यात पोहे, वर जिरावण जरा जास्तच.

टेकाड कसलं, चार पाट्या मुरूम
आणि मधे पुरलेली रबराची पट्टी.
त्यावर ओजस रेशीमवाले, वय अकरा.
चेंडू सोडताना जीभ बाहेर काढतो,
आणि ती दिसली की समजायचं, हा आत येणार.

एक फेक, एक काडी.
चार उभ्या, पाचवी आडवी.
एकसष्टाव्या काडीला बोळे सर
कडुलिंबाखालच्या बाकावरून उठले.
त्याच डावात आधी एकदा येऊन गेले होते.
दुसऱ्यांदा आलात की पिचर उतरतो,
हे त्यांना ठाऊक, मला ठाऊक,
ओजसला सगळ्यांच्या आधी:
त्याने चेंडू मोज्यातून काढून ठेवला होता.

तो पहिल्या बेसवर गेला.
तिथला तबरेज लांब डावीकडे,
डावीकडची निमिषा पाटीदार टेकाडावर.
ओजसच्या नावापुढचा १ मी खोडला नाही.
तिरकी रेघ मारली, पुढे ३ लिहिला.

मग शेवटचा डाव. एका धावेची आघाडी.
निमिषाने तिघांना फुकट चालवलं,
बेस भरले,
आणि बोळे सरांनी बोट केलं: ओजस, चल.

अंपायर सोळंकींनी हात वर केला.
सरळ माझ्याकडे आले, घाम पुसत.
“मॅडम, ये लड़का उतरा था क्या?”
मागून सर: “अरे भिया, मैदानातून गेलाच नाही,
तर परत येण्याचा प्रश्न येतो कुठे?”

येतो.
बाकावर बसवलेला कनिष्क चौथ्या डावात परत आला,
फलंदाजीचा क्रमांक तोच, सहावा.
एकदा जाऊन एकदा येता येतं,
त्यात कुणी हरकत घेतली नाही.
पण टेकाडावरून उतरलेला
समोर उभा असला, हाकेवर असला,
खांदा गार झालेला नसला,
तरी त्या दिवसापुरता चढत नाही.
झेरॉक्स काढून काढून पुसट झालेलं सातवं कलम.

मी हे समजू शकते.
बावीस वर्षं सियागंजच्या शाखेत कॅश मोजली,
मग डोळा अधू झाला आणि मागच्या टेबलावर बसवलं.
शाखा तीच, पगार तोच,
चहा आणणारा पोऱ्याही तोच.
काचेपलीकडून लोक मला बघून हसायचे
आणि रांग दुसरीच्या खिडकीत लावायचे.

वही फिरवली. तिरकी रेघ दाखवली.
सोळंकींनी वाचलं. सरांनी वाचलं नाही,
ते बाकाकडे वळले, टोपी काढून पुन्हा घातली.

ओजस अर्ध्या वाटेवर पोचला होता.
चेंडू त्याच्याच हातात.
तो पुढे गेला, निमिषाला दिला,
मोज्याआडून काहीतरी म्हणाला.
ती एकदम हसली.
ते लिहायला माझ्या वहीत रकाना नाही.

हरलो. आठ-सात.

चुन्याच्या उरलेल्या रेघेवर पाय ओढत तो आला.
“काकू, माझ्या किती?”
एकसष्ट.
“मग उद्या?”
नाही.
“परवा?”
तीन दिवस हात ठेवायचा.
त्याने बोटं मोडली, सोम, मंगळ, बुध,
चौथं बोट तसंच उभं राहिलं.
“म्हणजे गुरुवारी.”
गुरुवारी, मी म्हटलं, आणि डबा पुढे केला.
त्याने उजव्या हाताने घेतला नाही.
डाव्याने खाल्ले, निम्मे सांडत,
जिरावण नाकात जाऊन शिंकला,
आणि उजवा हात
मांडीवर ठेवून दिला.