धापू

वर्षातून चारदा मी विहिरी मोजते.
टेपच्या शेवटच्या दोन मीटरांना खडू चोळायचा,
काठावरच्या लाल खुणेशी धरून खाली सोडायचा,
वर ओढला की बघायचं
खडू कुठवर भिजला.
एवढंच काम.
पहिला टेप तीस मीटरांचा होता. पुरायचा.

सांवेरकडच्या गावांत मला टेपवाली बेन म्हणतात.
विचारतात, "कित्तो?"
ताप बघून झालेल्या नर्सला विचारावं तसं.
मी आकडा सांगते.
मग कोणी काही बोलत नाही,
शेव घातलेले पोहे येतात.

इंदुरात, रामबागेत, माझ्या नळाला
नर्मदा येते, एक दिवसाआड,
घाट चढून, विजेच्या खांद्यावर.
तिला वर यायचं होतं का,
हे मी कधी विचारलं नाही.

खजुऱ्यात घरं एकशे अकरा
आणि बोअर दोनशे सहा.
जनगणनेच्या वर्षी पारावर
माणसं मोजणारा मास्तर भेटला.
त्याचा आकडा चढलेला, माझा उतरलेला.
म्हणाला, मॅडम, आपण दोघं नुसते मांडणारे,
वजाबाकी तिसराच कोणी करतो.

त्याच्यासमोर धापूबाई बसली होती.
लिही म्हणाली, धापू. पाचवी मुलगी.
चारींवर पाचवी झाली तेव्हा बापानं ठेवलेलं नाव,
धापलो, म्हणजे पोट भरलं, आता पुरे.
"पुढं अजून दोघी झाल्या," ती हसली,
"देवाला मालवी येत नसंल."

माझ्या वहीत तिची विहीर सतरा नंबरची.
त्या मे महिन्यात खडू पांढराच वर आला,
काठीसारखा कोरडा.
रात्री तिच्या मुलानं बोअरची गाडी आणली.
नारळ फुटला, खुणेची खुंटी ठोकली,
आणि धापूबाई खुंटीवर खाट टाकून
लसूण सोलत बसली.
गाडीवाला दोन तास थांबला.
त्यानं डबा खाल्ला, मालकाला फोन केला,
मुलगा ओरडला, मग रडकुंडीला आला.
ती एवढंच म्हणाली, "धापी गी."
भरलं माझं. सहाशे फुटांचं भरलं.
गाडी गेली.
मुलगा दिवाळीपर्यंत तिच्याशी बोलला नाही.

नंतर काय झालं ते लोक वाढवून सांगतात.
मी पाहिलं तेवढं सांगते :
चौदा बायका, बुजलेली तळई,
घमेल्याघमेल्यानं शेतात गेलेला काळा गाळ,
आणि गव्हाच्या जागी हरभरा,
कारण हरभरा एका पाण्यावर उभा राहतो
आणि कुरकुर करत नाही.

तिसऱ्या नोव्हेंबरात सतरा नंबर अडीच मीटर वर.
मी दोनदा मोजलं.
खात्यात याला यश म्हणत नाहीत,
"स्थानिक चढउतार" असा रकाना आहे.
आणि बांधापलीकडचा बोअर
तेच पाणी रात्रभर ओढत असतो.
पाण्याला बांध कळत नाही.
धापूबाईला हे ठाऊक आहे. तिनं विचारलं, मग?
मग काय, ते मलाही सांगता आलं नाही.

निघताना तिनं ओला खडू बोटावर घेतला,
कपाळाला लावला, आणि पहिल्यांदाच विचारलं,
"बेन, थारो नाव कंई?"
तृप्ती, मी म्हटलं.
"मतलब?"
मी सांगितला.
ती इतकी हसली की पदर तोंडाशी धरावा लागला :
"म्हणजे धापूच की गं!
इस्त्री केलेली!"

घरी आले तेव्हा नळाला पाणी होतं.
पिंप भरलं, बादल्या भरल्या,
कालचं शिळं पाणी मोरीत ओतून
कळशीही भरली.
कानात ते हसू अजून होतं.
आणि हात, सवयीनं,
आणखी एक पातेलं
नळाखाली सरकवत होता.