खालचं

सावद्याला, केळी पिकवायच्या चेंबरच्या ऑफिसात
मी मे महिन्यात स्वेटर घालून बसते.
बाहेर सेहेचाळीस, आत सतरा.
पलीकडे क्रेटांत केळी, हिरवी, अंधारात,
चार दिवसांनी पिवळी होऊन दिल्लीला जाणारी.

लेकाने काल एक स्पीकर आणून दिला,
मोरावळ्याच्या बरणीएवढा.
म्हणाला, मम्मी, बोल, कोणतं गाणं पाहिजे?
मी बँडचं नाव सांगितलं.
तो माझ्याकडे असा पाहत राहिला
की जणू मी शिवीच दिली.

सत्त्याऐंशी साल. भुसावळ. रेल्वेचं क्वार्टर.
नोरीन डिक्रूझकडे रेकॉर्ड प्लेअर होता
आणि तिच्या इगतपुरीच्या मामाने दिलेली ती तबकडी,
कव्हरवर चार केसाळ माणसं, मागे एक भिजलेला घोडा.
आम्ही समोर स्टुलावर टेपरेकॉर्डर ठेवला,
दोन बटणं एकदम दाबली
आणि खिडक्या लावून फरशीवर बसलो.
बावीस मिनिटं एक बाजू.
एवढा वेळ गप्प बसायची सवय दोघींनाही नव्हती.

तरी आलंच, जे यायचं ते.
दुसऱ्या गाण्यात यार्डातल्या शंटिंगचा भोंगा.
तिसरं संपता संपता आतल्या खोलीत नोरीनचे पप्पा खोकले,
नाइट करून झोपले होते.
आणि चौथ्याच्या सुरुवातीला, जिथे नुसता ड्रम आहे,
माझं हसू. नाकातून फुटलेलं.
का हसले ते आठवत नाही.
नोरीननेच काहीतरी केलं असणार.

इंग्रजी कळत नव्हतं.
एक ओळ आम्हाला ‘केळी काप, केळी काप’ अशी ऐकू यायची,
आम्ही ती तशीच म्हणायचो, गळा फाडून,
डबलसीट, फाटकापर्यंत.
आई म्हणायची, काय आयकी राह्यली वं पोरी,
कोन मारी राह्यलं त्याह्यले?

एक्क्याण्णवला माझं लग्न. ऐनवेळी कोरी कॅसेट मिळेना.
भावाने माझ्या कपाटातली घेतली,
वरच्या भोकांत कागदाचे बोळे कोंबले
(ती भोकं मीच पाडली होती, कोणी पुसू नये म्हणून)
आणि दुसऱ्या बाजूवर मंगलाष्टकं भरली.

पुढे एकदा पाहुण्यांसमोर ती लावली.
सावधान झालं, बँड वाजला, खट् झालं,
आणि पुढे गिटार. अर्ध्यातूनच.
कोणाच्या बापाला न विचारता.
सासऱ्यांचा घास हातात राहिला.
गुणवंत म्हणाले, हे काय?
मी म्हटलं, काही नाही, खालचं आहे.
आधीचं.

कॅसेट कधीतरी घराच्या रंगकामात गेली.
नोरीन पर्थला गेली.
पप्पा त्याच्याही पलीकडे.

आज ऐकलं. सगळं धुऊनपुसून ठेवल्यासारखं.
तारेवरून बोट सरकतं, तेसुद्धा ऐकू येतं.
चांगलंच आहे, वाईट कशाला म्हणू?
दुसऱ्या गाण्यात मी भोंग्यासाठी थांबले,
गाणं थांबलं नाही.
तिसरं संपलं. कोणी खोकलं नाही.
एवढी शांतता त्या घरात कधीच नव्हती.

शब्दही दाखवत होता फोन, एकेक ओळ उजळत.
‘केळी काप’ यायच्या आत मी तो पालथा घातला.

चौथ्याचा ड्रम सुरू झाला
आणि दार ढकलून युनूस आला, चिठ्ठीवर सही मागत.
दोनशे दहा क्रेट, ट्रक लागलाय.
तो तसाच थबकला, कान देऊन.
मग चेंबरकडे पाहत, काळजीने म्हणाला,
भाभी, मशीन बिघडली काय?

बरोबर त्या जागी नाही,
दोन-तीन ठोके उशिरा,
पण नाकातूनच.

सही जरा हलली.