आम्ही, आपण

मराठी शिकताना मी सगळ्यात जास्त इथंच अडले.
माझ्या भाषेत दोन्हींना एकच शब्द.
क्लासच्या बाईंनी फळ्यावर खडूनं गोल काढला:
समोरचा आत असेल तर आपण,
बाहेर असेल तर आम्ही.

साताऱ्यात आता चौथं वर्ष.
राजवाड्यापाशी भाजीवाली म्हणते,
"आपल्यात कोथिंबीर फुकट न्हाई हां,"
आणि माझा दिवस चांगला जातो.

कोरेगावच्या पुढं, वसनेच्या काठी,
संपतराव फाळके घेवडा निवडत बसले होते.
मी सांगायला गेले होते:
तुमच्या चुलत्याचं नाव माझ्या गावात दगडावर आहे,
सांग्रो नदीच्या अलीकडं, ऑलिव्हच्या झाडांत.
फाळके नव्हे, फाल्की.
लहानपणी त्या अक्षरांवरून मी गोगलगाई चालवायचे.

फोटो त्यांनी लांब धरला, मग जवळ.
"दौलूतात्या."
मग शाळेकडं हनुवटी केली.
"तितल्या फलकावर माझा बाप हाय. पत्री सरकारात व्हता.
एक भाऊ इंग्रजाकडनं तिकडं,
एक इंग्रजाच्या मागं हिकडं. सालबी तेच.
टपालाची थैली लुटली,
तर तिच्यात तात्याचीच मनिऑर्डर निघाली म्हणं."
ते हसले. मी हसावं का, कळेना.

"आपल्यात त्याचं नाव कुणी काढत न्हाई फारसं.
आपली लढाई नव्हती ती."

खडूचा गोल.
मी आत उभी होते, चप्पल घालून.

पलीकडच्या काठावर कोण होतं
ते सांगायला मी आले नव्हते.
आजोबा, वय बावीस, अंगात काळा सदरा.
नदीला उतार कुठं आहे
ते त्यानं जर्मनांना बोटानं दाखवलं.
सुरुंग तिथंच पेरले.
आमच्या घरात यावर एकच वाक्य होतं:
त्या वर्षी पूर फार होता.

"तुमच्यातलं हुतं का हो कुणी लढाईत?"
संपतरावांनी सहज विचारलं,
सुपातून मान वर न करता.

आमच्यातला, मी म्हणाले. होता एक.
आणि सांगितलं. मराठीत सांगितलं,
त्यामुळं वाक्यं लहान झाली,
क्रियापदं शेवटी आली, आणि टाळता आली नाहीत.

बराच वेळ नुसता घेवड्याचा आवाज.
तांबडे पट्टे असलेला एक किडका दाणा
त्यांनी बाजूला टाकला.

"पाणी गार असंल," ते म्हणाले.

नोव्हेंबर होता.
गार होतं.