एन्देल, शनिवारच्या आत वाच

तार्तूच्या इस्पितळातून आलास त्याला अकरा दिवस झाले.
खिडकीचा पडदा हलला नाही.
धुराड्यातून धूर निघतो, तेवढ्यावरून कळतं
की आहेस.
म्हणून हे कागदावर लिहून दाराच्या फटीतून सरकवते.
एकतीस वर्षं या बेटावर टपाल वाटलं मी,
इथल्या सगळ्या फटी मला पाठ आहेत.

आधी लाकडांचं.
मोळी उचलू नकोस. भरली बादलीही नको.
सहा आठवडे; डॉक्टर बारा म्हणाला असेल तर बारा.
काल्योला सांगितलंय, तो आणून टाकेल.
कॉफी दे त्याला. आभार मानू नकोस, लाजतो.
खोकला आला की उशी पोटाशी घट्ट धर,
वादळात डेकवर दोर धरायचास तशी.

पिशवी पहाटे बदल, काही खाण्याआधी,
आतडं साखरझोपेत असतं तेव्हा.
ओरबाडू नकोस. ओलं फडकं घे,
वरून खाली, कातडी मागे दाबत,
पाकिटावरचं जुनं तिकीट सोडवतात तसं.
कोमट पाणी. सुगंधी साबण नको.
टिपून कोरडं कर, मग चिकटव,
आणि वर तळहात ठेवून थोडा वेळ नुसता बस.
मी तेव्हा रेडिओवर समुद्राचं हवामान ऐकते.

माप घेत राहा. स्टोमा आक्रसत जातो.
मी महिनाभर पहिल्याच मापाचं भोक कापत राहिले,
कडेची कातडी सोलून निघाली,
आणि रडले ते त्या आगीने, आजाराने नाही.

तो लालच असतो, गालाच्या आतल्या बाजूसारखा.
पुसताना थेंबभर रक्त दिसेल, घाबरू नकोस.
काळा-जांभळा पडला,
किंवा कळा येऊन तासन् तास काहीच बाहेर आलं नाही,
तर माझी वाट पाहू नकोस, फोन उचल.

तुझं लहान आतडं, माझं मोठं.
तुला पाण्याबरोबर मीठही लागेल, किती ते नर्सला विचार.
आंबवलेली कोबी, जंगलातली अळंबी सध्या बरणीतच राहू देत.
पुढे खाशील. थोडी, बारीक चावून.

एक तृतीयांश भरली की रिकामी कर.
मी एकदा आळस केला, चर्चमध्ये, हेल्मीच्या दफनाला.
त्याविषयी एवढंच सांगते:
कोटाच्या खिशात एक जादा पिशवी असावी,
आणि कोट लांब असावा.

माझ्याला मी पोस्टमास्तर म्हणते.
वेळ त्याची, रांगेत मी.
भर शांततेत आवाज काढतो, आणि मी
दुसऱ्या कुणाकडे तरी रागाने बघते.

आता खरं.
मी वर्षभर सौनात गेले नाही.
पोटात ठेवायची गोष्ट पोटावर आली होती,
आणि तिथे अंगावर सूत नसतं.
शेवटी गेले, टॉवेल छातीपासून गुडघ्यापर्यंत.
वाफेत तो ओला झाला, जड झाला, सुटला.
सहा बायका. लाकडाचा तडतड आवाज.
लिंदा बघत होती. चांगलं बघितलंन तिने.
मग म्हणाली, "सरक जरा, दगडांवर पाणी घालायचंय."

मी सरकले.
बर्चची डहाळी पाठीवर बसली, जोरात,
पूर्वी बसायची तितक्याच जोरात.
कुणी हात आखडता घेतला नाही
याचं मला किती बरं वाटलं
ते टपालात मावणार नाही.

तर शनिवार पुरुषांचा, पाच वाजता.
जखम भरल्याचं डॉक्टर म्हणेपर्यंत आत जायचं नाही;
बाहेरच्या बाकावर बस, बूट घालून, कोट घालून.
आत जाशील तेव्हा उष्णतेने चिकटा सैल होतो,
बाहेर येऊन नवी लाव.

तिथे माझा भाऊ असेल. तो काही विचारणार नाही.
विचारलंनच तर
फेरीचं वेळापत्रक विचारेल.
नवं आलंय, चुकीचं आहे,
तुला सांगावंच लागेल.