कुलपाचा खण

वडगावात रात्री साडेनऊला
मागांची खडखड भिंतीतून येते
आणि कपाटातल्या सिरपच्या बाटल्या
एकमेकींना हळूच टेकतात.
पाटीवर वर मोठी कानडी, खाली बारीक मराठी.
आतल्या औषधांची नावं दोघींनाही परकी.

कडोलकरांचा प्रज्योत आला.
"अक्का, ती गोळी हाय काय वो? ध्यान लागायची?"
"चिठ्ठी?"
"मला काय रोग न्हाई की."
"मग?"

काउंटरवर नखानं रेघ ओढत राहिला.
सतरा दिवसांवर परीक्षा. एक पेपर कानडीचा,
जी त्याला बाजारात येते, भांडणात येते,
कागदावर येत नाही.
"धारवाडच्या क्लासात सगळी खात्यात.
ती गाडीवरनं जात्यात, मी चालत.
चोर कोण मग, अक्का?"

माझ्याकडे पुस्तकातलं उत्तर होतं:
छातीचे ठोके, झोप, सवय.
ते सांगितलं. त्यानं मान हलवली,
पावसाचा अंदाज ऐकावा तशी.

त्याचा बाप चाळीस वर्षं
निपाणीची तपकीर ओढून रात्रपाळीत धागे जोडतो.
मालकाच्या साड्यांसाठी जागलेला माणूस
कुणाला लबाड वाटला नाही.
इस्पितळात छत्तीस तास उभा असलेला पोरगा डॉक्टर
काय गिळून उभा आहे, हे त्याचा पेशंट विचारत नाही.
जागं राहायची मुभा
दुसऱ्याच्या कामासाठी लगेच मिळते.

हे मी बोलले नाही.
"चहा सांगू काय?" म्हणाले.
"त्यानं काय होतंय आता," म्हणाला, आणि गेला.

आणखी एक बोलले नाही.

मार्चात, हिशेबाच्या रात्री,
लेकीच्या डबीतली एक मी घेतली.

मलूला ती लागते.
तिच्याविना वर्ग म्हणजे शनिवारचा बाजार,
चहूकडून एकदम ओरडणारा.
घेतली की त्यातली एक भाजीवाली
तिला नीट ऐकू येते, एवढंच.
मला तर काहीच नव्हतं.
एकेचाळीस वर्षं होती आणि झोप होती.

आणि खोटं कशाला सांगू, गोळी लागू पडली.
आकडे प्रार्थनेला उभे राहावेत तसे उभे राहिले.
दोनला जुनी बिलं आवरली,
तीनला कप्पे पुसले,
चारला वाटलं,
मी आजवर अशी का नव्हते?
गोळी सकाळी उतरली. तो प्रश्न अजून नाही.
वही उघडली तर अक्षर माझंच,
पण इतकं सरळ
की खाली सही करताना हात अडखळला.

त्या खणाला कुलूप आहे, किल्ली माझ्या गळ्यात.
चिठ्ठीच्या दोन प्रती, एक आमच्याकडे,
तारीख, नाव, नग, शिल्लक.
वीस वर्षं हे मी दुसऱ्यांसाठी लिहिते.
घरातल्या डबीला रजिस्टर नसतं.

त्या शनिवारी मलूनं डबी चटईवर ओतली.
जिला दहापर्यंत बसवत नव्हतं
ती बोट ठेवत ठेवत शेवटापर्यंत गेली.
"आई, एक कमी हाय."

मी म्हणाले, "परत मोज."

तिनं परत मोजलं.