दाराचा आवाज

लेडबरीच्या पुढे, गायी नसलेल्या एका गोठ्यात
थर्झा प्रोबर्टबाईंनी ताडपत्री ओढली
आणि ती दिसली.
शेवाळी हिरवी. लांबलचक नाक,
बॉनेटवरून आवळलेला चामड्याचा पट्टा,
आणि बसायची जागा अशी, की सगळं घडवून झाल्यावर
कोणाला तरी आठवलं असावं,
अरे, यात माणसंही बसणार आहेत.

चौतीस वर्षं मी शाळेत सुतारकाम शिकवलं.
इंजिनातलं मला ओ की ठो कळत नाही.
म्हणून मी दार उघडलं, लावलं.
पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं.
पत्र्याच्या आत हिला ॲशच्या लाकडाचा सांगाडा आहे,
आणि लाकूड विचारलं तर सांगतं.
डावं दार म्हणालं, टक्.
उजवं म्हणालं, धप्प.
धप्प म्हणजे पाणी.
बिजागरीखाली कुठेतरी वीसेक हिवाळे मुरलेत.

'ते एड्रिकचं दार,' बाई म्हणाल्या.
'मी डावीकडे बसायचे.
छप्पर चढवायला अकरा मिनिटं लागायची
आणि सर यायची ती सहा मिनिटांत थांबायची.
मग आम्ही भिजायचोच.'

किंमत त्यांनी एकदाच सांगितली,
माझ्याकडे न बघता.

'आत शिरलास?' डेलिथनं घरी विचारलं.
शिरलो.
'आणि बाहेर?'
मी किटलीत पाणी भरायला लागलो.
(बाईंनी हात दिला होता. रीतही सांगितली:
आधी बूड टेकायचं जमिनीच्या दिशेनं, मग लाज सोडायची.
एड्रिकही शेवटी शेवटी असाच निघायचा.)

डेलिथ गणिताची. लिफाफ्याच्या पाठीवर तिनं मांडलं:
विमा, गॅरेज, माझा डावा गुडघा,
खालच्या मजल्यावर कधीतरी लागणारं न्हाणीघर.
बेरीज केली नाही.
पेन्सिल तशीच आडवी ठेवून झोपायला गेली.
भाचा म्हणतो, जपानी घे,
पहिल्या हाकेला ओ देते.
खरं आहे. पण मला कुठे
कुठे जायचंय?

हौसेला मोल नसतं म्हणतात,
ते म्हणणाऱ्यांनी कधी किंमत विचारलेली नसते.

आमच्या गल्लीतले ॲश शेंड्यापासून वाळत आलेत.
काउन्सिलच्या माणसांनी
खोडांवर नारिंगी फुल्या मारल्या गेल्या आठवड्यात.
शाळेमागच्या झाडावरही.
त्याच्या फांद्यांचे मी हातोड्यांना दांडे केले होते,
पोरांच्या मुठीच्या मापाचे, छोटे.
रात्री दोनला हे असं सुचतं:
उभी होती ती मरतायत
आणि कापलेलं एक अजून
वळणं घेतंय.
सकाळी सातला ते तितकंसं पटत नाही.
सातला न्हाणीघर पटतं.

शेडमध्ये ॲशची एक फळी आहे,
अकरा वर्षं सुकवलेली, कशासाठी ते न ठरवता.
मी तिच्यावरचं कोळ्याचं जाळं पुसलं.
उगाच रंधा फिरवला एकदा.
ढलपी निघाली ती अखंड, टोकापर्यंत.

मग फोन केला.
म्हटलं, घ्यायची की नाही ते ठरत नाहीये.
पण उजवं दार दुरुस्त करून देऊ का आधी?
पैसे नकोत. लाकूड माझं.

पलीकडे कुत्रं भुंकलं, थांबलं.

'म्हणजे ते मग
टक् वाजेल?'

हो, म्हटलं. अगदी डाव्यासारखं.

इतका वेळ काही ऐकू येईना
की मला वाटलं, लाइन तुटली.

'शनिवारी या,' बाई म्हणाल्या.
'डावीकडे बसून बघा हवं तर, डेलिथलाही आणा.
पण त्या दाराचं
मी अजून काही ठरवलेलं नाही.'