चौथी कॅसेट

त्र्याण्णव साली मिरजेत
जपानच्या गाड्यांची शर्यत ऐकणारे आम्ही तिघेच.
ऐकणारे म्हणतोय. पाहिली कुणीच नाही.

हारुओ सतार शिकायला आलेला,
माजिदभाईंच्या कारखान्याच्या माळ्यावर राहायचा,
भोपळ्यांच्या राशीशेजारी पथारी.
लुना बंद पडली म्हणून आमच्या गॅरेजात आला
आणि बोलता बोलता सांगून गेला,
धाकटा भाऊ तिकडे रेसच्या गाड्यांची चाकं बदलतो.
ग्रँड टूरिंग. नवी चॅम्पियनशिप. पहिलंच वर्ष.
दुसरं उजाडेल असं कुणाला वाटत नाही.

गौसभाई शिकलगारांनी पान्हा खाली ठेवला.
"आवाज कसा हाय त्या इंजिनाचा?"

अडीच महिन्यांनी पार्सल आलं,
कस्टमवाल्यांनी फोडून पुन्हा चिकटवलेलं.
आत ऑडिओ कॅसेट.
भावानं पिटच्या भिंतीवर टेप ठेवून
मावेल तेवढी शर्यत भरली होती.

आधी पाऊस. मग कुणीतरी खोकलं.
मग एकदम ते आलं,
नवं मांजरपाट टर्रकन फाडत न्यावं तसं,
आणि गेलं.
आणि मग काहीच नाही.
गाड्याच थोड्या. पहिलं वर्ष ना,
नव्या दुकानाची भवानी करायला कोण येतंय?
दीड मिनिट नुसता पाऊस,
गौसभाई बोटांच्या पेरांवर मात्रा मोजत,
समेवर मान टाकत: "आली बघ."
आणि ती यायची.
बाजू उलटेपर्यंत दोन फेऱ्या हरवायच्या,
त्या ते मनात धरायचे.

शिकलगार म्हणजे मुळात तलवारींना धार लावणारे.
तलवारी गेल्या, अर्धं घर तारांकडे वळलं
आणि एकटे गौसभाई सिलिंडरकडे.
माजिदभाई घोडीवर कानस फिरवून जवारी काढणार,
हे टॅपेटमध्ये फीलर गेज सरकवणार.
चुलतभावांचं भांडण एकच, कुणाचा कान खरा.
दुसऱ्या कॅसेटीला माजिदभाई स्वतः आले,
हाताला लाखेचे डाग तसेच,
डोळे मिटून ऐकलं, म्हणाले,
"काळी दोनचा षड्ज. पण चढतोय जरा."
आणि चहा न घेता गेले.

तिसरीत गौसभाईंनी टेप थांबवला.
मागे नेला. पुन्हा.
"सहातला एक बेसूर हाय. बेअरिंग. टिकणार न्हाई."
हारुओकडून पत्र लिहवून घेतलं,
मी स्टेशनच्या पोस्टात टाकलं,
तिकिटाचे पैसे पगारातून कापा म्हणालो,
कापले.

हिशेब मला चौदाव्या वर्षीसुद्धा कळत होता.
कॅसेट यायला अडीच महिने,
पत्र जायला महिना.
ज्या इंजिनाला आम्ही वाचवायला निघालो होतो
ते कधीच गप्प झालेलं असणार, नाहीतर जिंकलेलं.
तसं बोललो. ते म्हणाले,
"मग? बेसूर ऐकून गप बसायचं?"

चौथी आली तेव्हा हारुओचा व्हिसा संपलेला.
सोबत चिठ्ठी, उभ्या ओळींची.
मिशन हॉस्पिटलातल्या डॉक्टरांना दाखवली,
त्यांनी उलटी धरली.

लावली. ऊन असावं, पाखरं ओरडत होती.
आली. गेली.
आली. गेली.
एकविसाव्या फेरीनंतर सम आली, गाडी नाही.
गौसभाईंची मान खाली गेली आणि तिथंच राहिली.
दुसऱ्या गाड्या जात होत्या, जाड आवाजाच्या,
त्या आम्ही कधी मोजल्याच नव्हत्या.
बाहेर दर्ग्याच्या वाटेवर टांगा,
आत फितीची खरखर.
मी बटणाकडे हात नेला.
"ऱ्हाऊ दे," म्हणाले. "येत असंल चालत."

परवा माझ्या पोरानं मोबाइलवर सगळं काढलं,
त्या वर्षीचे निकाल, गुण, नावं.
मी चष्मा आणतो म्हणून गॅरेजात आलो.
एक बुलेट उघडून ठेवली होती,
तिचे टॅपेट लावले.
तो आतून हाका मारत होता.